भीड



बऱ्याच दिवसांत इथे फिरकले नाही. मधे मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मग पावसाळा आला, मग नुसताच आळस. पण गेल्या महिन्यात सांगलीला नात्यातल्या एका लग्नाला गेले होते, तिथे एक गोष्ट घडली आणि तेव्हापासून हे लिहायचं मनात घोळतंय.

पंगती उठल्यावर आम्ही बायका हॉलच्या कोपऱ्यात खुर्च्या ओढून बसलो होतो. कुणीतरी माझ्या धाकट्या भावाची चौकशी केली. त्यावर माझी मामेबहीण मोठ्यानं म्हणाली, "ताईचं काय विचारता! हिनं मला दारातून परत पाठवलंय. सांगलीहून पुण्याला एस्टीनं गेले होते मी. पाण्यालासुद्धा विचारलं नाही." सगळ्या हसल्या. मीही हसले. ती मात्र हसत नव्हती. मे २०१९ मधली गोष्ट आहे ही. इतकी वर्षं तिनं ती मनात ठेवली, आणि तिच्या जागी मी असते तर मीही ठेवली असती.

लग्नाच्या गडबडीत उत्तर देणं जमलं नाही, म्हणून इथे देते. ती हा ब्लॉग ऐकते (तिची सून वाचून दाखवते). बाकीचे नातेवाईकही वाचतात हे मला ठाऊक आहे, कारण काही आवडलं नाही की लगेच फोन येतो!

तर झालं होतं असं. एप्रिल २०१९ मध्ये भावाला किडनी बसवली. दिली भावजयीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं. दोघंही पुण्याला हॉस्पिटलजवळ भाड्यानं घेतलेल्या दोन खोल्यांत राहत होती, आणि दोघांचं करायला मी. एका दुपारी बेल वाजली. दार उघडते तर ही उभी. घामाघूम झालेली, हातात बासुंदीचा डबा, पेढे आणि नरसोबाच्या वाडीहून आणलेलं तीर्थ, प्लास्टिकच्या बाटलीत. "आधी त्याला हे पाजते," म्हणाली आणि पदर तोंडावर धरून खोकली. मी दारातच उभी राहिले. म्हटलं, आत नको येऊस. डबा घेतला, तीर्थाची बाटली तिला परत दिली, आणि जिन्याच्या पायरीवर बसून दहा मिनिटं बोलले. ती गेली. पाणी विचारायचं खरंच राहून गेलं. त्याबद्दल मी चुकले. बाकी कशाबद्दलही नाही. ते का, हे सांगायचं तर मागे जावं लागेल.

भावाला मधुमेह जुना. २०१७ साली त्याचं क्रिएटिनिन चारच्या पुढे गेलं आणि डॉक्टरांनी सांगितलं, आज ना उद्या डायलिसिस लागणार, तेव्हा आत्ताच हातावर फिस्टुला करून घ्या. फिस्टुला म्हणजे मनगटाजवळची धमनी आणि शीर एकमेकींना जोडायची. धमनीतलं जोराचं रक्त शिरेत शिरलं की दीड-दोन महिन्यांत शीर जाड, टणक होते आणि मग तिच्यात डायलिसिसच्या जाड सुया घालता येतात. न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी १९६६ साली ही युक्ती जगापुढे मांडली. त्याआधी सिअ‍ॅटलच्या स्क्रिबनर यांनी १९६० मध्ये काढलेली नळी हातावर कायमची बाहेर ठेवायचे. तिच्यात रक्त गोठायचं आणि जंतू जायचे. फिस्टुलात कायमचं बाहेर राहणारं काही नाही. सुई काढली की कातडी पुन्हा मिटली. सगळा फरक एवढाच आहे, पण तो जीवनमरणाचा आहे हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

आमच्या पिढीनं डायलिसिस हा शब्द पहिल्यांदा ऐकला तो जयप्रकाशजींमुळे. आणीबाणीत स्थानबद्ध असताना १९७५ साली त्यांच्या किडन्या गेल्या. मग मुंबईच्या जसलोकमध्ये उपचार, आणि पुढे ८ ऑक्टोबर १९७९ ला जाईपर्यंत डायलिसिस. तेव्हा मी नवी नवी शाळेत लागले होते. डायलिसिस म्हणजे शेवट, असं जे डोक्यात बसलं ते बसलंच. त्यामुळे भावानं फोनवर फिस्टुलाचं सांगितल्यावर मी, त्याची मोठी बहीण, शिकलेली, बीए झालेली, काय म्हणाले असेन? "अरे, आत्तापासून हात कशाला कापून घेतोस? सहा महिने वैद्यांचं औषध घेऊन बघू." भावजय हळूच म्हणाली होती, "वन्सं, डॉक्टर तर लगेच करा म्हणतात." पण नणंदेपुढे ती पुढे काय बोलणार? आणि भाऊ माझ्यापुढे काय बोलणार? मी बोलले आणि विषय संपला.

जानेवारी २०१८ मध्ये एका रात्री त्याला श्वास लागला. फुफ्फुसांत पाणी भरलं होतं. फिस्टुला नव्हताच, तेव्हा मानेतून कॅथेटर घालून डायलिसिस सुरू केलं. ही नळी कशी असते ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते: तिची दोन तोंडं मानेबाहेर लोंबतात आणि दुसरं टोक थेट हृदयाच्या दाराशी असतं. अडचणीच्या वेळी तीच जीव वाचवते, भावाचाही तिनंच वाचवला. पण ती म्हणजे कातडीच्या कुंपणाला पाडलेलं भगदाड. त्यात त्या नळीच्या आतल्या अंगाला जंतू चिकटले, की शेवाळासारखा बुळबुळीत थर धरतात आणि त्या थराखाली अँटिबायोटिक नीट पोहोचतच नाही. आपल्या हौदाला शेवाळ धरलं की नुसतं पाणी बदलून भागतं का? घासावं लागतं. नळी घासता येत नाही, काढावी लागते.

ड्रेसिंग भिजवायचं नाही, डोक्यावरून अंघोळ नाही, असं सांगितलेलं होतं. १८ मार्चला गुढीपाडवा आला. वर्षाचा पहिला दिवस, तेल लावून न्हायचं नाही म्हणजे काय! पाणी मी तापवलं होतं. मानेला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून भाऊ डोक्यावरून न्हायला. बाहेर आला तेव्हा ड्रेसिंगची कड ओली होती. मी टॉवेलनं टिपून घेतली आणि म्हटलं, होईल कोरडं.

२१ मार्चला, बुधवारी, मशीन लावून अर्धा तास झाला नाही तोच त्याला हुडहुडी भरली. दात वाजत होते. सेंटरमधल्या टेक्निशियननं दोन ब्लँकेट घातली, तापाची गोळी दिली आणि सांगितलं, मशीनचं पाणी गार असेल. मला ते पटलं, कारण पाण्याचा हिशेब मी घालून पाहिला होता: मिनिटाला अर्धा लिटर, चार तास, म्हणजे एका वेळी १२० लिटर पाणी रक्ताच्या शेजारून वाहतं, मधे फक्त एक पातळ पडदा. एवढं पाणी गार असलं तर थंडी वाजणारच! गणित बरोबर होतं, निष्कर्ष चूक. शनिवारी पुन्हा तेच, या वेळी ताप १०३. त्या दिवशी एक वयस्क सिस्टर ड्यूटीवर होत्या. त्यांनी गोळी दिली नाही. आधी रक्त घेतलं, नळीतून वेगळं आणि हाताच्या शिरेतून वेगळं, कल्चरसाठी. मग डॉक्टरांना फोन. अँटिबायोटिक दिल्यावर कल्चर केलं तर जंतू सापडेलच असं नाही, हे त्यांनी मला तिथेच समजावलं.

जंतू सापडला. स्टॅफिलोकॉकस ऑरियस. शिक्षकाची खोड, मी नावाचा अर्थ शोधला. ग्रीक भाषेत 'स्टाफिले' म्हणजे द्राक्षाचा घोस. सूक्ष्मदर्शकाखाली हे जंतू घोसासारखे दिसतात. भाऊ तासगावला नोकरीला होता, आयुष्यभर द्राक्षबागा बघितलेला. म्हणाला, "ताई, तासगावच्या माणसाला शेवटी द्राक्षंच आडवी आली." शंभरातल्या साधारण तीस माणसांच्या नाकात हा जंतू निवांत राहत असतो आणि काही करत नाही. म्हणजे तुमच्या-माझ्या नाकात, बोटांवर, नखांत. कातडी धड असेपर्यंत तो गरीब बिचारा. एकदा नळीवाटे रक्तात गेला की हृदयाच्या झडपेवर बसतो, हाडात बसतो. भावाच्या पाठीच्या मणक्यांमधल्या चकतीत बसला. नळी काढली, दुसरीकडे तात्पुरती घातली, सहा आठवडे डायलिसिसच्या वेळी इंजेक्शनं. माणूस कुशीवर वळला तरी ओरडायचा.

तो कुठून आत शिरला? पाडव्याच्या अंघोळीतून, की सेंटरमधल्या हातांतून? कुणालाच सांगता येणार नाही. बुधवारी गेलेले तीन दिवस मात्र कुणामुळे गेले ते सांगता येतं. थंडी वाजून ताप आला तेव्हा "कल्चर करायचं का?" असं मी विचारायला हवं होतं. मला तो शब्दच ठाऊक नव्हता, हे खरं. पण ठाऊक असता तरी विचारलं असतं का?

कारण विचारायची वेळ त्याआधी रोज येत होती आणि मी गप्प होते. मी डोळ्यांनी बघत होते की टेक्निशियन मुलगा एका पेशंटची सुई काढतो, त्याच हातमोज्यांनी मोबाइल कानाला लावतो, आणि तसाच भावाच्या नळीचं झाकण उघडायला येतो. पस्तीस वर्षं पोरांना "हात धुतलेस का? नखं दाखव" म्हणत आलेली बाई मी, आणि इथे माझ्या तोंडून शब्द फुटेना. त्याला वाईट वाटेल. तो रागावला तर भावाकडे नीट बघणार नाही. आपल्याला काय कळतं त्यातलं? याला आपण सभ्यपणा म्हणतो. मी याला भीड म्हणते, आणि माझं मत आता असं झालंय की डायलिसिसच्या माणसाच्या अंगात जंतू शिरतात ते निम्मे भिडेच्या वाटेनं.

शेवटी एप्रिलमध्ये एकदा विचारलं. "बाळा, हात धुतलेस का रे?" तो काही बोलला नाही. हात धुऊन आला, पण पुढच्या खेपेला काउंटरवरून ऐकू आलं, "बाईंना ही शाळा वाटते." त्या मुलावर मी सगळा दोष टाकत नाही. पाच मशीनना तो एकटा असायचा. एक पाळी उठली की वीस मिनिटांत दुसरी बसवायची, त्यात गादी पुसायची, मशीन पुसायचं, सुया घालायच्या. बेसिन होतं ते हॉलच्या दुसऱ्या टोकाला. पाच पेशंटसाठी पाच वेळा तिथपर्यंत जाऊन यायचं तर पाळी वेळेवर सुरू होणार कशी? हा हिशेब सेंटर चालवणाऱ्यांचा आहे, त्या पोराचा नाही.

मी इतिहासही शिकवायचे, म्हणून सेमेलवाइस यांची गोष्ट इथे आल्याशिवाय राहत नाही. १८४७ साली व्हिएन्नाच्या मोठ्या इस्पितळात बाळंतिणी तापानं मरत होत्या. एका वॉर्डात एप्रिल महिन्यात शंभरातल्या अठरा गेल्या. डॉक्टर शवविच्छेदन करून तसेच बाळंतपणाला येतात हे या तरुण डॉक्टरनं हेरलं आणि सगळ्यांना क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावले. जूनमध्ये आकडा दोनाच्या आसपास आला. आता वाटेल, लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं असेल. छे! मोठमोठ्या डॉक्टरांना अपमान वाटला. आमचे हात घाणेरडे आहेत असं म्हणतोस? नोकरी गेली, १८६५ साली वेड्यांच्या इस्पितळात तो वारला, आणि तेही जखम चिघळून. हात धुतलेत का, या प्रश्नात अपमान शोधायची सवय तेव्हापासूनची आहे.

आणि हे सगळं नशिबाचं म्हणून सोडून द्यावं असंही नाही. अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेनं २०२३ मध्ये आकडे दिले: २०१७ ते २०२० या काळात डायलिसिसवरच्या प्रौढांना या स्टॅफचा रक्तसंसर्ग होण्याचा धोका इतर माणसांच्या शंभरपट होता, आणि नळीवाल्यांना तो फिस्टुलावाल्यांच्या सहापट. पण त्यांनीच हेही सांगितलं की २०१४ ते २०१९ मध्ये तिथल्या डायलिसिस पेशंटमधले रक्ताचे संसर्ग चाळीस टक्क्यांनी घटले होते. त्यासाठी काही नवीन जादूचं औषध निघालं नव्हतं. हात धुणं, नळीचं तोंड घासून मग उघडणं, फिस्टुला वेळेवर करणं, पेशंटला शिकवणं, असलीच साधी कामं मन लावून केलेली.

फिस्टुलाबद्दल बोलताना शेजारच्या खाटेवरचा रिक्षावाला मुलगा आठवतो. तिशीतला. मानेतली नळी आठ महिने तशीच. फिस्टुलाचं त्याला तीनदा सांगितलं होतं. ऑपरेशनच्या दिवसाची रोजी बुडते, हात दुखला तर हँडल कसं धरायचं, म्हणून पुढच्या महिन्यात, पुढच्या महिन्यात. ताप आला की मेडिकलच्या दुकानातून चार गोळ्या घ्यायचा, उतरला की रिक्षा काढायचा. जूनमध्ये एका मंगळवारी त्याची खाट रिकामी होती. रक्तात विष पसरलं, दोन दिवसांत गेला, असं सिस्टर म्हणाल्या. त्याची बायको पुढे कागदपत्रांसाठी आली होती, कडेवर पोर होतं. भावानं त्याच आठवड्यात फिस्टुला करून घेतला. माझं मत कुणी विचारलं नाही, ते बरंच झालं.

आता किडनी बसवल्यानंतरचं, कारण मामेबहिणीचं भांडण तिथलं आहे. पुष्कळांना वाटतं, किडनी बसली म्हणजे सुटला. डायलिसिसमधून सुटला हे खरं. पण दुसऱ्याची किडनी शरीरानं परकी म्हणून हाकलून देऊ नये यासाठी आयुष्यभर औषधं घ्यावी लागतात, टॅक्रोलिमस, मायकोफिनोलेट, स्टेरॉइड. ती करतात काय, तर शरीराच्या शिपायांना झोपवतात. चोर आला तरी शिपाई झोपलेलेच. पहिल्या महिन्यांत डोस सगळ्यांत मोठे, म्हणजे झोपही सगळ्यांत गाढ. त्यात पोटावर टाके, आत एक बारीक नळी ठेवलेली. सेप्ट्रानची ती आपल्या ओळखीची जुनी गोळी रोज घ्यायला लावतात, तीही या काळात काही ठरावीक जंतूंना अडवायला. आणि स्टेरॉइडमुळे तापसुद्धा धड चढत नाही, त्यामुळे घरात आग लागलीय आणि धूर नाही असा प्रकार. अशा माणसाच्या दारात खोकला आणि नदीचं न उकळलेलं पाणी घेऊन कुणी आलं, तर ते कितीही मायेनं आलेलं असो, मी काय करायला हवं होतं? कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर माझीही श्रद्धा आहे. मी ते तीर्थ घेतलं असतं. त्याला नाही देणार.

त्या दोन खोल्यांत सव्वीस माणसं येऊन गेली, हो, मी वहीत लिहून ठेवत होते. आत सोडली सहा. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला न जाणं म्हणजे नातं तोडणं. गेलं की खाटेवरच बसायचं, हात हातात घ्यायचा, डोक्यावरून हात फिरवायचा, सोबत लहान मूल असेल तर त्याला "आजोबांना पापी दे" म्हणायचं. मी स्वतः जन्मभर हेच करत आले. पण ही रीत झाली तेव्हा अशी माणसं जगतच नव्हती. तेव्हा आजारी माणूस एक तर उठून बसायचा नाही तर जायचा. शिपाई झोपवून वर्षानुवर्षं जगणारा माणूस आपल्या रीतीला माहीतच नाही. मार्च २०२० मध्ये करोना आला आणि सगळं जग आमच्या त्या दोन खोल्यांसारखं वागायला लागलं. तोंडाला मास्क, हाताला साबण, दाराबाहेर चपला आणि माणसं. तेव्हा मला फार बरं वाटलं, हे कबूल करायला लाज वाटते, पण वाटलं.

जुलैमध्ये भावाला लघवीत संसर्ग झाला. किडनी बसवलेल्यांमध्ये जंतूंचा हा सगळ्यांत नेहमीचा आजार. तीन दिवस तो नुसता मलूल होता, जेवत नव्हता. लघवीला त्रास होतोय हे त्यानं ना बायकोला सांगितलं ना मला. साठीचा माणूस, बहिणीशी असलं काय बोलायचं! क्रिएटिनिन वाढलं तेव्हा डॉक्टरांनी विचारून काढून घेतलं. कल्चरमध्ये निघालेल्या जंतूला गोळ्या चालेनात, शिरेतून औषध द्यायला सात दिवस हॉस्पिटलात. तिथेही पुन्हा भीडच.

आणि आता जे लिहिणार आहे त्यावर फोन येणार, हे मला माहीत आहे. येऊ द्या.

डिसेंबर २०१९ मध्ये त्याला बारीक ताप यायला लागला. संध्याकाळी ९९, वजन घटतंय, छातीत एका बाजूला पाणी. तपासणीत निघाला टीबी. टीबीसुद्धा जंतूच, रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली शोधलेला, आणि आपल्या देशात किडनी बसवलेल्यांना तो गाठतो हे डॉक्टरांना चांगलं ठाऊक असतं. म्हणूनच ऑपरेशनआधी त्यांनी फॉर्म भरताना विचारलं होतं: घरात कुणाला टीबी होता का? भाऊ म्हणाला, नाही. मी शेजारी बसले होते. मी काही बोलले नाही.

आमच्या बाबांना १९६१ साली टीबी झाला होता. ते कित्येक महिने वानलेसवाडीच्या सॅनिटोरियममध्ये होते. मी दहा वर्षांची होते, भाऊ दोनचा. लोकांना सांगितलं होतं की बाबांची परगावी बदली झालीय. आईनं मला देवासमोर उभं करून शपथ घातली होती, कुणाला सांगायचं नाही, तुझं लग्न जमणार नाही. भावाला कधी कळलंच नाही. बाबा गेले, आई गेली, माझं लग्न होऊन संसारही झाला, आणि ती शपथ २०१९ मध्ये त्या डॉक्टरांच्या टेबलापाशी माझ्या तोंडावर बसलेली होती. साठ वर्षांपूर्वीच्या गोष्टीचा आता काय संबंध, असंही मनाला सांगितलं. संबंध असा, की लहानपणी छातीत गेलेला हा जंतू जन्मभर गप्प पडून राहू शकतो आणि शिपाई झोपले की उठतो. भावाचा टीबी तोच, की मागाहून कुठून आला, हे कुणी सिद्ध करू शकणार नाही. पण आधी सांगितलं असतं तर त्यांनी जास्त तपासण्या केल्या असत्या, कदाचित प्रतिबंधक गोळ्या आधीच दिल्या असत्या, आणि ताप आल्यावर तीन आठवडे इतर कारणं शोधण्यात गेले नसते.

टीबीचं उत्तम औषध रिफॅम्पिसिन. ते दिलं की टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी धाडकन खाली येते आणि बसवलेली किडनी धोक्यात. म्हणजे टीबी बरा करावा तर किडनी जाते, किडनी सांभाळावी तर टीबी. डॉक्टरांनी ते टाळून दुसरी औषधं दिली, आणि उपचार दीड वर्ष चालला. सारी करोनाची साथ त्यानं त्या गोळ्यांवर काढली.

फेब्रुवारी २०२० मध्ये मी डॉक्टरांना बाबांचं सांगितलं. भावाच्या समोरच. डॉक्टरांनी कागदावर लिहून घेतलं, एवढंच. भाऊ घरी येईपर्यंत गप्प होता. मग म्हणाला, "ताई, बाबा मला कधी कडेवर का घेत नसत, ते आज कळलं."

आता तो सहासष्टचा आहे. क्रिएटिनिन १.८, म्हणजे फार छान नाही पण चालतंय. डाव्या मनगटावर तो फिस्टुला अजून आहे, बोट ठेवलं की मांजर गुरगुरल्यासारखा लागतो. नातीला त्याचं भारी कौतुक, कान लावून बसते. तिला आधी हात धुवायला लावतो आणि तिला त्यात काही अपमान वाटत नाही.

जिथे जिथे डायलिसिस होतं तिथे प्रत्येक दोन खाटांमागे एक बेसिन आणि भिंतीवर मोठ्या मराठी अक्षरांत "आम्ही हात धुतले का, विचारा" अशी पाटी असावी, असं मला वाटतं. विचारायला लेखी परवानगी मिळाली की आमच्यासारख्या भिडस्तांची जीभ सैल होईल. त्या जुन्या सेंटरला मी तसं पत्र दिलं होतं. उत्तर आलं नाही. मागच्या वर्षी कुणाला तरी भेटायला गेले तेव्हा बेसिन मात्र हॉलच्या मधोमध आलेलं दिसलं. माझ्या पत्रानं असेल असं नाही.

आणि तुला, जी हे सुनेकडून ऐकते आहेस. दिवाळीनंतर येते म्हणालीस, ये. या वेळी पाणी विचारीन, चहाही करीन. बेसिन जिन्याजवळच आहे, साबण नवा ठेवलाय. वाडीचे पेढे आण, तीर्थ माझ्यासाठी आण. आणि निघायच्या दिवशी खोकला असला तर एक फोन कर आणि पुढच्या आठवड्यात ये.